मागची खोली

"विमल, जरा खाली ये गं. मागच्या खोलीसाठी माणसं आलीयत. तू शेजारी असलीस की मला बरं वाटतं."

पोतदारकाकूंची हाक आली तेव्हा मी वरच्या गच्चीत कुरडया उलटत होते. सत्त्याण्णवचा मे महिना. बदलापुरात त्या वर्षी उन्हाने नुसता कहर केला होता. हात झटकून, पदर नीट करून मी जिना उतरायला लागले. काकूंना भाडेकरू पारखून द्यायचं काम तोवर माझ्याकडेच आलं होतं. मागच्या खोलीतला बँकेतला मुलगा बदली होऊन गेल्यापासून तीन बिऱ्हाडं बघून गेली होती. काकू प्रत्येकाला म्हणायच्या, "आमच्या विमलला विचारून सांगते."

आमची विमल. हे दोन शब्द ऐकले की मला आत कुठेतरी ऊब मिळायची.

आम्हाला तिथे येऊन दोन वर्षं झाली होती. काकूंचं ते बैठं घर, त्यावर चढवलेला एक मजला. खाली पुढच्या बाजूला काकू एकट्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन इंदूरला. वर आम्ही दोघं. मागे मोरीसकट एक सुटी खोली. यशवंतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा आम्ही चार महिने घर शोधत होतो. पहिल्या दोन ठिकाणी आम्ही सगळं खरं सांगितलं होतं. गाव कुठलं, शेलार म्हणजे कोणते, सगळं. आम्ही बौद्ध आहोत म्हटल्यावर एका बाईंनी सांगितलं, "ह्यांना विचारून कळवते." ते 'हे' तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

मग गायकर नावाचा एजंट भेटला. तो यशवंतला म्हणाला, "साहेब, तुमचं आडनाव झकास आहे. शेलार सगळ्यांच्यात असतात. तुम्ही फक्त बोलू नका. कुणी विचारलंच तर साताऱ्याकडचे म्हणायचं. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं, "शेलार म्हणजे साताऱ्याकडचे का?" यशवंत म्हणाला, "हो." काकू म्हणाल्या, "बरं बरं. तिकडची माणसं मोकळी असतात." एवढंच. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत माझ्या साड्यांच्या घडीत गेली. चौदा एप्रिलला रस्त्यावरून मिरवणूक गेली तेव्हा मी काकूंच्या शेजारी खिडकीत उभी होते. काकूंनी कानांवर हात ठेवले. थोड्या वेळाने मीही ठेवले.

पण काकू वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. मला कावीळ झाली तेव्हा त्यांनी पंधरा दिवस मला पेज भरवली. यशवंतची दुसरी पाळी असली की माझ्या उशाशी बसायच्या. इंदूरला जाताना घराची किल्ली माझ्या हातात देऊन जायच्या. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. त्यानंतर कुणी बाईमाणसाने माझ्या कपाळावर हात ठेवल्याचं मला त्या काविळीतच आठवतं.

जिना उतरून मी अंगणात आले. फाटकाशी एक तिशीतला माणूस उभा होता, हातात घडी घातलेला कागद. त्याच्यामागे रातराणीच्या आळ्याशी एक बाई. डोक्यावर पदर, सहाव्या-सातव्या महिन्याचं पोट. तिने वर बघितलं आणि तिचं तोंड एकदम उजळलं.

"विमे! आगं, तू हितं?"

ती छबू होती. माझ्या मामाची मुलगी.

आई गेल्यावर मामाने मला आपल्याकडे नेलं. दहा वर्षं मी आणि छबू एका वाकळेत झोपलो. मला हायस्कुलात घातलं म्हणून मामीने कुरकुर केली तेव्हा मामा म्हणाला होता, दोघींपैकी एकीला शिकवणं जमतंय, मग जी हुशार आहे तिला शिकवू. हुशार मी होते. छबू सातवीतून शेण-गवताला लागली आणि मी डी.एड. झाले. आदल्याच वर्षी मी तिच्या हळदीत नाचले होते. तिला नोकरीवाला नवरा मिळाला, एवढं मला माहीत होतं. तो तिला घेऊन बदलापुरात येईल हे मला ठाऊक नव्हतं.

काकू माझ्याकडे वळल्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. "ओळखतेस का गं यांना?"

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. विचाराला वेळच नव्हता. मी बालवाडीत शिकवायचे त्या बाईंच्या आवाजात, अगदी स्वच्छ बोलले, "नाही हो. आपल्याला कोण हवंय?"

छबूचं हसू लगेच गेलं नाही. तोंडावर विसरून राहिल्यासारखं ते थोडा वेळ तसंच राहिलं. मग तिने माझ्या खांद्यावरचा काकूंचा हात बघितला. जिन्याकडे बघितलं, वर वाळत घातलेल्या माझ्या साडीकडे बघितलं. तिच्या नवऱ्याने मला लग्नात बघितलेलं होतं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात छबूने त्याचं मनगट धरलं.

"चुकलं वो ताई माझं," ती मला म्हणाली. "आमच्या गावाकडं एक हाय, अगदी तुमच्यावानी दिसती. उन्हानं डोळ्याम्होरं अंधारी आलीया."

मला 'ताई' म्हणाली. मी तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. जन्मात तिने मला 'विमे'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

काकूंनी त्या माणसाला नाव विचारलं.

"प्रल्हाद कांबळे. रंगाच्या कंपनीत आहे, ठेकेदाराकडं. गायकरनी पत्ता दिला."

"कांबळे. बरं." काकू म्हणाल्या. "त्याचं काय आहे, खोलीचं अजून नक्की नाही. माझा पुतण्या यायचा आहे पुण्याहून. आला तर त्याला लागेल."

काकूंना पुतण्या नव्हता. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे काकूंनाही ठाऊक होतं.

प्रल्हादने मान हलवली. त्याला ही उत्तरं नवीन नसणार. त्याने कागदाची घडी आणखी बारीक केली आणि खिशात ठेवली.

"वाईच पानी मिळंल का?" छबूने विचारलं.

"अगं हो, किती ऊन आहे. विमल, आण गं यांना."

मी आत गेले. काकूंच्या स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला घेतला, माठातलं पाणी भरलं. अर्धं सांडलं, पुन्हा भरलं. बाहेर येऊन तिच्यासमोर धरलं. छबूने पेला घेताना माझ्या बोटांना बोट लागू दिलं नाही. ओठाला न लावता वरून ती सगळं पाणी प्यायली. पोटुशी बाई उन्हात चालून आल्यावर पिते तसं. मग पेला माझ्या हातात दिला, "येतो" म्हणाली आणि दोघं गेली.

मी पेला घेऊन आत जायला निघाले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. अंगणातल्या नळाशी कपडे धुवायचा दगड होता, त्यावर तो पेला ठेवला आणि वर निघून गेले.

मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. काकूंनी नजरेनेसुद्धा सुचवलं नव्हतं. उलट जिन्यात असताना मला त्यांचा आवाज ऐकू आला, "अगं, हा पेला बाहेर कशाला ठेवलास?" आणि मग त्यांनीच तो उचलून आत नेल्याचा आवाज.

संध्याकाळी यशवंत आला. मी त्याला सांगितलं तेव्हा तो बुटाची नाडी सोडत होता.

"ओळख दिलीस?"

"नाही."

तो नाडीची गाठ हातात धरून तसाच वाकून बसला. म्हणाला, "मी असतो तर मीही तेच केलं असतं." मग नाडी सोडली, बूट कोपऱ्यात ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "असं बोलायला नको होतं मी."

त्या रात्री आम्ही जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवलो. माणूस जेवतोच. मी रोज ठरवायचे, छबूला शोधायचं. आणि रोज एक कारण निघायचं. बालवाडीचे वर्ग सुरू व्हायचे होते, यशवंतची पाळी बदलली होती, पाऊस लागला होता. खरं कारण एकच. ती भेटली तर मी तिच्याशी काय बोलणार होते?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मामाचं पत्र आलं. मामाचं अक्षर मोठं आणि वाकडं. लिहिलं होतं, 'छबू तुमच्याच गावात आहे. भेटली असेलच. तिचं पत्र आलं त्यात विमीचं बरं चाललंय म्हणून लिहिलंय. पोरीला दिवस आहेत, तिकडं तुझ्याशिवाय तिला कुणी नाही. लक्ष ठेव.'

म्हणजे तिने बापाला सांगितलं नव्हतं. नुसतं सांगितलं नव्हतं असं नाही. माझं बरं चाललंय असं लिहिलं होतं.

यशवंतने रंगाच्या कंपनीतल्या ठेकेदाराकडे चौकशी करून पत्ता आणला. गावाबाहेर, खडीच्या खाणीपलीकडे एक पत्र्यांची चाळ होती, कामगारांसाठी घाईघाईने उभी केलेली. रविवारी सकाळी मी एकटीच गेले. केळी घेतली होती, आणि बाळंतविड्याचं म्हणून थोडं कापड. चिखलात चप्पल रुतत होती. आठव्या की नवव्या दाराशी प्रल्हाद बसलेला दिसला. मला बघून तो उठला, बाजूला झाला.

आत छबू भिंतीला टेकून बसली होती. पोट नव्हतं. मी खोलीत इकडेतिकडे बघितलं. पाळणा नव्हता, झोळीही नव्हती.

"अठरा दीस झालं," ती म्हणाली. "पोरगी व्हती."

माझ्या हातातलं कापड मी पिशवीत परत कोंबलं. तिने ते बघितलं.

"काय झालं गं?"

"काय झालं कुनाला म्हाईत. पत्रा लई तापतो, त्यानं म्हनत्यात. टँकरचं पानी लांबनं आनावं लागायचं, त्यानं म्हनत्यात. डाक्टरीन म्हनाली, असं व्हतंच कुनाकुनाचं." मग तिने नवऱ्याला हाक मारली, "आवो, च्या टाका की. विमी आलीया."

मी रडायला लागले. खाली बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचं मूल गेलं होतं आणि समजूत ती माझी काढत होती.

"छबे, मी त्या दिवशी..."

"आगं, गप. मला काय कळत न्हाय व्हय? म्या येडीवानी वरडले. आदी बघाया पायजे व्हतं कुनाच्या दारात उभं हाय त्ये. तुमची खोली गेली आसती तर दाजींनी कुठं हिंडायचं पुन्यांदा?"

"तू शिवी दे मला."

"शिवी देऊन काय व्हतंय?" ती म्हणाली. "च्या घे."

चहा कपात नव्हता, पेल्यात होता. मी तो दोन्ही हातांनी धरून प्यायले.

परत येताना सगळ्या रस्त्यात मी एकच ठरवत होते. काकूंना सांगायचं. आज, आत्ता. त्यांनी घर सोडायला सांगितलं तर सोडायचं. छबूच्या चाळीत जाऊन राहू. मला वाटत होतं की एकदा ते तोंडातून बाहेर पडलं की छातीवरचं काहीतरी उतरेल.

काकू ओट्याशी बसून मेथी निवडत होत्या. मी चिखलाच्या पायांनी तशीच उभी राहिले.

"काकू, मे महिन्यात ते कांबळे आले होते ना खोली बघायला. ती बाई माझी मामेबहीण होती. सख्ख्या मामाची मुलगी. मी खोटं बोलले. आम्ही बौद्ध आहोत."

काकूंनी मान वर केली नाही. एक जुडी संपवली, देठं बाजूला केली.

"माहीत आहे गं मला," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"सगळंच. पहिल्या महिन्यात तुझ्या मामांचं कार्ड आलं होतं. उघडंच कार्ड ते, पोस्टमनने माझ्या हातात दिलं. वर 'जय भीम' लिहिलेलं. मीच ते तुझ्या दाराखालून सरकवलं. मग कळायचं राहिलं काय?"

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"तू बोलली नाहीस, म्हणून मी नाही बोलले. तू चांगली मुलगी आहेस. स्वच्छ राहतेस, बोलणं गोड. माणूस बघावा, बाकी काय करायचंय, असं म्हटलं मी मनाशी." त्यांनी दुसरी जुडी सोडली. "आणि ती तुझी कुणीतरी आहे, हेही मला त्याच दिवशी कळलं. 'विमे' म्हणाली ना ती. असं उगाच कुणी हाक मारतं का? पण तू नाही म्हणालीस. मला तेच बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"अगं, तू हो म्हणाली असतीस तर मला पेचात टाकलं असतंस. एक बिऱ्हाड खपून जातं गं. दोन झाली की आळीतली माणसं मोजायला लागतात. मला इथेच राहायचं आहे ना." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने बघितलं. "तू समजूतदार आहेस म्हणून तर मला आवडतेस. जा, पाय धू. भाजी देते वरती न्यायला."

काकूंचा मला राग यायला हवा होता. तो नंतर आला, पुष्कळ आला. त्या वेळी मात्र मी मोरीत जाऊन पायावर पाणी ओतत राहिले आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की ज्या गोष्टीसाठी मी छबूला नाही म्हटलं, ती गोष्ट लपलेली नव्हतीच. दोन वर्षं मी जे जिवापाड झाकत होते ते काकूंच्या हातात पडून, त्यांनी वाचून मग माझ्याकडे आलं होतं. मी हो म्हटलं असतं तरी छबूला खोली मिळाली नसतीच. पण तिला पाणी देताना मी तिला छबे म्हटलं असतं. घरात नेऊन बसवलं असतं. वरच्या खोलीत, माझ्या पंख्याखाली, उन्हं उतरेपर्यंत तरी.

आम्ही महिनाअखेर खोली सोडली. काकू रडल्या. खरंच रडल्या, नाटक नव्हतं ते. माझी ओटी भरली, पत्ता कळव म्हणाल्या. मी कळवला नाही. यशवंतने स्टेशनपलीकडे एक खोली बघितली, मालकाला सगळं आधी सांगून. तिथे भिंतीवर तसबीर लावली. पण छबूजवळ जाऊन राहायचं जमलं नाही, कारण तोवर प्रल्हादचं काम सुटलं होतं आणि ती दोघं गावी निघून गेली होती. तिला पुढे मूल झालं नाही.

मामा गेला त्याला आता सतरा वर्षं झाली. तेव्हा त्याच्या पुण्यानुमोदनाला, आमच्यातल्या दिवसकार्याला, गावी सगळे पाहुणे जमले होते. अंगणात मांडव, बायका एका बाजूला बसलेल्या. छबू फार थकलेली, केस अकाली पांढरे झालेले. मी जरा मागे बसले होते. कुणीतरी म्हातारीने विचारलं, ही कोण शहरातली? छबू उठली, माझ्यापाशी आली, मला हाताला धरून पुढे आणलं.

"आसं काय करताय आत्ती? आमची विमी न्हाय का ही. आमच्या बापानं शिकवलेली." तिने माझा हात सोडला नाही. "आमी बदलापूरला व्हतो न्हवं, तवा लई केलं हिनं माझं. माझी पोरगी गेली तवा ही नसती तर मी उठलेच नसते."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "गुनाची गं बाई," म्हणाली.

मी छबूकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. तिला ते खरंच तसं वाटत होतं, की इतकी वर्षं सांगून सांगून तिने ते खरं करून टाकलं होतं, मला कळलं नाही.

एवढी माणसं जमली होती. एक वाक्य बोलायला पुरेसा वेळ होता, आणि या खेपेला गमवायला माझ्याकडे काही नव्हतंही.

मी मान खाली घातली आणि त्या बायकांच्या मध्ये बसून राहिले.